बत्तिसावं नाव

इतिहासाच्या वैजयंताबाईंनी वर्गात लावलेला दुसऱ्या महायुद्धावरचा चित्रपट मध्येच थांबवला. पडद्यावर इटलीतली नदी ओलांडणारे सगळे सैनिक गोरे होते. बाईंचे पणजोबा मराठा पलटणीतून तिथेच लढले होते. पण त्या युद्धावरच्या जाडजूड ग्रंथातही त्या पलटणीवर एकच ओळ होती आणि नाव एकाचंही नव्हतं. म्हणून वर्षभर गावोगाव फिरून, जुनी पत्रं आणि पदकं पाहून त्यांनी नावं जमवली होती.

“मुलांनो, या नदीत आपलीही माणसं उतरली होती,” म्हणत त्यांनी एकतीस नावं वाचली.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या अनुसयाबाई दारात थबकल्या. “बाई, माझ्या आज्याचं नाव ऱ्हायलं. धोंडी बाबर. त्यो बी तिथंच गेला, माघारी न्हाई आला.”

वैजयंताबाईंनी त्यांना हाताला धरून आत आणलं, ते नाव लिहिलं आणि सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली.