गुलाबी थर
जंगलात सापडलेला एकुलता एक भुंगेरा बायकोनं आपल्या गुलाबी नेलपॉलिशनं पुठ्ठ्यावर पालथा चिकटवला, आणि पुढच्याच महिन्यात ती गेली. "बाबा, पोट पाहिल्याशिवाय नवी प्रजाती ठरणार नाही. आईचं नाव द्यायचंय ना?" लेकीनं नेलपॉलिश काढायची बाटली पुढे सरकवली. "याचा पाय मोडला तर?" "सुटेल. आईइतका हट्टी नाहीये तो!" पायाची धास्ती खरीच होती, पण भिंगाखाली बापाला वाळलेल्या गुलाबी थरात बायकोच्या बोटाचा ठसाही दिसत होता. शेवटी त्यानं थेंब सोडला. ठसा विरघळला, भुंगेरा अख्खा सुटला. लेकीनं त्याला हलकेच उताणा केला. "पोटावर सोनेरी केस! याच्या भाऊबंदांत कुणालाच नाहीत, बाबा!" बायको नखं पुसायला बसायची तेव्हाचा वास खोलीभर पसरला होता. "खिडकी उघडू?" लेकीनं विचारलं. "नको गं. राहू दे जरा."