सापडल्याची जागा

संग्रहालयातून आलेल्या टिल्डेने पदक तळहातावर घेतले आणि उन्हाकडे तिरके धरले. एगॉनने श्वास रोखला.

पाच क्रोनरच्या नाण्याएवढी, दीड हजार वर्षांपूर्वीची सोन्याची पातळ चकती, तिच्या वर ओवायची कडी. घोड्यासारखे एक जनावर आणि त्याच्या पाठीवर माणसाचे मोठे डोके. काल सकाळी एगॉनने ती स्वतःच जवाच्या खुंटांमध्ये वीतभर खोल पुरली होती आणि दुपारी व्हर्नरला आग्रहाने शेताच्या याच बाजूला आणले होते. व्हर्नरच्या फुफ्फुसांविषयी डॉक्टर जे बोलले होते, त्यानंतर एगॉनला दुसरे काही सुचले नव्हते. आपल्या मित्राला एकदा तरी सोने सापडावे. मग संग्रहालयाची बाई येईल, फोटो काढेल, पदक डबीत घालून घेऊन जाईल. त्यापुढचे त्याने मनात येऊ दिले नव्हते.

"फारच स्वच्छ आहे," टिल्डे म्हणाली.

"सोनं आहे ते. माझ्यासारखं गंजत नाही." व्हर्नर घडीच्या स्टुलावर बसला होता, जमिनीतला धातू शोधायचा डिटेक्टर मांडीवर आडवा, दोन वाक्यांच्या मध्ये त्याला थांबावे लागत होते. "बावीस वर्षं, टिल्डे! बावीस वर्षं बियरची बुचं आणि ट्रॅक्टरचे नटबोल्ट उकरतोय. हा एगॉन म्हणायचा, तुझ्या थडग्यावर दगडाऐवजी बूचच ठोकू. विचार आता त्याला."

"दगड घेऊ," एगॉन म्हणाला. "लहानसा."

शेताचा मालक क्रेस्टेन मोठ्याने हसला. बांधावर त्याचे पेरणीयंत्र उभे होते. उद्या गहू पेरायचा होता.

टिल्डे हसली नाही. तिने पिशवीतून टॅब्लेट काढून नकाशा उघडला होता. "खाडीच्या या बाजूला असं काही आजवर मिळालेलंच नाही. पदक असं वाटेत पडत नाही, कुणीतरी ते जपून पुरलेलं असतं. जवळ घर असतं, कधी अख्खी वस्ती. क्रेस्टेन, हे शेत वसंतापर्यंत असंच ठेवावं लागेल. आम्हाला इथे खणायचंय."

"सगळं शेत?"

"सगळं."

क्रेस्टेनने टोपी मागे सरकवली. पेरणीयंत्राकडे पाहिले, मग व्हर्नरकडे. "बरं. यंदा गहू नाही तर नाही. पण या म्हाताऱ्यासाठी म्हणून हां, तुमच्या संग्रहालयासाठी नव्हे."

एगॉन एक पाऊल पुढे आला. "टिल्डे, एका पदकावरून एवढं सगळं..."

"एक पुरतं. हे मी तुम्हाला सांगायचं का, एगॉन? वस्तू काय, कपाटात जाते. कुठे सापडली, तेच खरं." तिने मोजणीची काठी खड्ड्याच्या तोंडाशी रोवली. "व्हर्नर, नोंद तुमच्या नावाने करते. उत्खननाच्या पहिल्या दिवशी तुम्ही यायचंय."

व्हर्नरने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "म्हणजे वसंतापर्यंत टिकायला हवं मला," तो हळू आवाजात म्हणाला. गेल्या महिन्याभरात पुढच्या ऋतूचे नाव त्याच्या तोंडून निघाले नव्हते. "एक चांगली खुर्ची लागेल. या स्टुलावर पाठ धरते. एगॉन, तुझी ती हात टेकायची खुर्ची आणशील ना?"

एगॉनला ती खुर्ची इथे मांडलेली दिसली. समोर कामाला लागलेली माणसे, गुडघाभर खोल चर, त्यात नुसती पिवळी माती. आणि पांघरूण घेऊन वाट पाहणारा व्हर्नर. टिल्डेचे बोट नोंद करायला टॅब्लेटवर टेकणार होते.

"थांबा," तो म्हणाला. "ते इथलं नाही."

टिल्डेचे बोट हवेतच थांबले.

"मीच पुरलं. काल सकाळी."

व्हर्नर त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याला हसू आले, हसण्यातून खोकला आला, आणि तो थांबायला वेळ लागला. "मूर्ख माणसा," तो जवळजवळ मायेने म्हणाला. "माझ्यासाठी? अरे, केवढ्याला घेतलंस?"

होय म्हणणे सोपे होते. टिल्डेही जणू त्याच उत्तराची वाट पाहत होती.

"विकत नाही घेतलं. सापडलं होतं. चर्चच्या मागच्या उतारावर."

"कधी?"

"नऊ वर्षं झाली."

व्हर्नरच्या चेहऱ्यावरचे हसू लगेच गेले नाही. ते तिथेच राहिले आणि त्या हसण्यामागचा माणूस मात्र निघून गेला. डिटेक्टरवाल्यांच्या क्लबचा अध्यक्ष असताना व्हर्नरने दोघा सभासदांना बाहेरचा रस्ता दाखवला होता, सापडलेले चांदीचे किरकोळ तुकडे नियमाप्रमाणे संग्रहालयाला न देता घरात दडवले म्हणून. दोन्ही वेळा मतदानात पहिला हात एगॉनचा वर गेला होता.

"नऊ वर्षं," व्हर्नर म्हणाला. "दर शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायलास. माझी बुचं बघून हसलास."

क्रेस्टेन पेरणीयंत्राकडे जायला वळला आणि अर्ध्यावर थबकला.

टिल्डेने पदक डबीत ठेवून झाकण लावले. "तो उतार दाखवाल?" तिच्या आवाजात राग नव्हता. "जागा आठवते?"

"अगदी कुठल्या पावलावर, तेसुद्धा."

"मग आत्ताच जाऊ. बाकीचं नंतर."

"चल, व्हर्नर," एगॉन म्हणाला आणि त्याला उठवायला त्याने हात पुढे केला.

व्हर्नरने तो हात धरला नाही. डिटेक्टर बाजूला ठेवून तो स्टुलावरून खाली सरकला, सावकाश गुडघ्यांवर बसला आणि कडेला साठलेली माती दोन्ही हातांनी खड्ड्यात लोटू लागला. क्रेस्टेन मदतीला पुढे झाला, तेव्हा त्याने मान हलवून त्याला थांबवले.

"तुम्ही व्हा पुढे," तो कुणाकडेही न पाहता म्हणाला. "खड्डा उघडा टाकून जायचं नसतं."

खड्डा वीतभरच होता. तरी दर मुठीनंतर त्याला थांबून श्वास घ्यावा लागत होता.