आधी पाणी काढा

"पयले पानी काढा, मंग पुढचं बोला," गुलाबराव म्हणाले आणि विहाराच्या ओट्यावर बसलेल्यांनी कपाळाला हात लावला.

भय्याजींचा संयम सुटला. "अरे बाप्पा, पानी काढाच्या खर्चात दुसरी खाण होते. कंपनी घेनाऱ्याची अट साफ आहे. जुनी खाण बुजवायची, बाजूच्या डोंगरावर नवी उघडायची. हो म्हटलं तर आपले शेअर जित्ते होतीन. नाई म्हटलं तर कंपनी गेली."

"गेली तर जाऊ द्या."

रविवारची वंदना आटोपली की भिलाईच्या या विहारात रानखेडा मँगनीज कंपनीची चर्चा निघायचीच. बहुतेक जण पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. म्हणून भय्याजींच्या शब्दावर एकेकाने शेअर घेतले, काहींनी बायकोच्या नावावरही. आपण खाणीचे मालक झालो, याचं सगळ्यांना अप्रूप होतं. गुलाबरावांना जरा जास्तच.

मग गेल्या पावसाळ्यात नाला फुटला आणि पाणी खाणीत शिरलं. माणसं सगळी वर आली, असं कंपनीने जाहीर केलं. खाण मात्र बुडाली आणि तिच्याबरोबर शेअरही.

लोक मिळेल त्या भावाला विकायला लागले, तेव्हा गुलाबराव विकत घेत सुटले. कंपनीच्या सभेला रायपूरला गेले आणि तिथंही उभं राहून एवढंच विचारलं, पाणी कधी काढता?

"खाली सोनं आहे का काका?" मोबाइलवर सगळ्यांचं मतदान करून देणारा राजकुमार हसत म्हणाला.

गुलाबराव उठले. मग चपला घालून निघून गेले.

भय्याजींना वाईट वाटलं. दोघांनी अख्खी नोकरी एकाच भट्टीवर काढली होती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे राधाबाई होती. नवऱ्याच्या माघारी हाती आलेलं सगळं तिने त्यांच्या सांगण्यावरून या कंपनीत टाकलं होतं. हल्ली ती भय्याजींना पाहून नुसती मान खाली घालायची. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

या अटीवर छोट्या भागधारकांची मतं वेगळी मोजली जाणार होती. एकेक मत मोलाचं होतं. गुलाबराव ऐकणार नव्हते, पण त्यांचे अर्धे शेअर त्यांच्या बायकोच्या, गिरजाबाईंच्या नावावर होते. राजकुमारला मागे बसवून भय्याजींनी स्कूटर गुलाबरावांच्या घराकडे, उतईच्या रस्त्याला लावली.

गुलाबराव दुर्गला गेले होते. गिरजाबाई अंगणात अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या.

"जय भीम, भाऊ. या, बसा. हे नाईत घरी."

"तुमच्यापाशीच काम आहे, वहिनी."

भय्याजींनी सगळं समजावून सांगितलं. गिरजाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"मले खाणीतलं काही सांगू नका, भाऊ. माहा बाप खाणीतच गेला. मी तर यायले, सुगतच्या बापाले, म्हनलं होतं, हे शेअर घेऊच नका."

"मंग तर बुजवलेलीच बरी नाई का?"

गिरजाबाईंनी विचारलं, "पैसे येतीन?"

"येतीन."

"मंग सुगतले दुबईहून बलावता येईन," त्या म्हणाल्या. "त्याचे साहेब सुट्टी देत नाईत म्हणे. मी म्हंतो, सोडून दे नोकरी, अथीच दुकान टाक. पन मले बोलालेच भेटत नाई. त्याचा फोन येते तो यायच्याच मोबाइलवर, अन् तवा हे नेमके बाहीर राह्यतेत." त्यांनी पदराला हात पुसले. "कोनतं बटन दाबू?"

राजकुमारने मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

"यायले सांगू नका आताच," त्या लाजून हसल्या. "मीच सांगीन, पोरगा आल्यावर."

निकाल लागला. होकाराचं पारडं थोडक्यात जड झालं. राधाबाईने भय्याजींच्या हातावर साखर ठेवली आणि ती रडली. भय्याजी तसेच पेढे घेऊन उतईला गेले. मित्राशी अबोला ठेवायचा नव्हता.

गिरजाबाई चहा करायला आत गेल्या. अंगणात दोघंच राहिले. गुलाबरावांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही.

"माती कधी टाकतीन?"

"याच महिन्यात म्हंतेत. गुलाब, आता तरी राग सोड. कावून इतका अडून बसला होता तू?"

गुलाबरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग ते इतक्या हळू बोलले की भय्याजींना पुढे वाकावं लागलं.

"आपली कंपनी आहे, मी म्हनलं. कुठी परदेशात जातं, आपल्याच खाणीत लाग. ठेकेदाराले मीच भेटलो. हिनं जाऊ देलं नसतं, म्हनून दोघांनी मिळून हिले दुबई सांगितली."

"कोनाची गोष्ट करून राहिला तू?"

"ठेक्यावरच्या पोराइचं नाव हजेरीत नव्हतं, भय्याजी. कंपनीनं हजेरीतलीच माणसं मोजली." गुलाबरावांनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला. "तेवढं पानी काढलं असतं, तर मी त्याले घरी आनलं असतं."

भय्याजींनी पेढ्याचा डबा खाली ठेवला. तेवढ्यात आतून कपबशांचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ गिरजाबाईंचा, कितीतरी दिवसांनी इतका मोकळा:

"भाऊ, आता सांगूनच टाका यायले! म्हना, तुमच्या बायकोनंच बटन दाबलं, सुगत घरी यावा म्हनून!"