थावरा नाईकाची बंदूक

मुलांनो, समजा तुमच्या घरात भिंतीवर एक जुनी बंदूक टांगलेली आहे. दाराशी पांढरी गाडी थांबते, एक साहेब उतरतात आणि बंदुकीकडे बोट दाखवून म्हणतात, "हिचे चार लाख." तुम्ही काय म्हणाल?

विश्वंभरनं आधी खुर्ची पुसली.

पुसेगावच्या पुढच्या त्या खेड्यात असा पाहुणा कधी आला नव्हता. साहेबांचं नाव स्वानंद. नामांकित माणसांच्या बंदुका विकत घ्यायच्या आणि काचेच्या कपाटात मांडायच्या, हा त्यांचा नाद. आत येतानाच ते ठेचकाळले. दाराला आतून लावायचा बाभळीचा अडसर उंबऱ्याशी टेकवलेला होता. विश्वंभरची नऊ वर्षांची लेक प्रतिक्षा पुढं आली, तिनं तो उचलला आणि त्यानंच ओसरीवरची शेळी हाकलली. साहेबांनी अंग चोरलं.

"ठासणीची हाय, सायेब." विश्वंभरनं बंदूक खाली काढली. "पीक राखायचा परवाना बी हाय."

"कागदपत्रांचं मी बघतो." साहेबांनी नळीवरून बोट फिरवलं. "नुसती बंदूक म्हणून हिला वीस हजारही जास्त झाले. पण थावरा नाईकाची असेल, तर चार लाख."

थावरा नाईक शेजारच्या तांड्यावरचा. हा भाग निजामाच्या राजवटीत असताना रझाकारांच्या हत्यारबंद टोळ्या गावं लुटत फिरायच्या, तेव्हा त्यानं एकट्यानं एक टोळी परत फिरवली होती. भिंतीवरची बंदूक त्याचीच, असं सगळा गाव सांगायचा.

विश्वंभरच्या डोळ्यांपुढं टेम्पो उभा राहिला. आपली हळद आपल्याच टेम्पोतून वसमतला न्यायची, हे कितीतरी वर्षांपासून त्याच्या मनात होतं.

"फक्त आजींनी तसं सांगायचं," साहेब म्हणाले. "मी मोबाइलवर चित्रण करतो."

विश्वंभरची आजी चतुराबाई सुपात तूर पाखडत बसली होती. हे घर तिच्या बापाचं. भाऊ नव्हता, म्हणून लग्नानंतर नवराच इथं राहायला आला. थावराला डोळ्यांनी पाहिलेली गावात आता ती एकटीच.

"आजी, काय काय झालं त्या दिवशी?"

"मी ह्या परतिक्षापेक्षा बी ल्हान व्हते. सांज झालती. थावरा पळत आला, माझ्या बापाशी दोन शब्द बोलला, अन् घोंगडं पांघरून टेकाडावर जाऊन उभा राहिला. खांद्याला लावून नेम धरला. टोळी ओढ्यापल्याड थबकली. ह्यानं आरोळी दिली, 'पयला पाय टाकंल त्याला आडवा करतो!' कुनाचा पाय उचलला न्हाई. गेले माघारी."

"किती गोळ्या झाडल्या?"

"एक बी न्हाई."

"वा!"

"त्या राती आमचं दार सताड उघडं व्हतं, बाबा. पर कुनी आत आलं न्हाई."

साहेबांनी मोबाइल जवळ नेला. "आणि हीच ती बंदूक, बरोबर?"

"न्हाई."

विश्वंभरला वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नसेल.

"ही माझ्या मालकानं रानडुकरांसाठी घेतली," ती म्हणाली.

"आजे! सगळा गाव म्हणतोय ना थावराची म्हणून?"

"गाव म्हणतोय. मी कवा म्हणले?"

साहेब हसले. त्यांनी मोबाइल बंद केला. "आजी, एवढंसं तर बोलायचंय. कोण विचारायला येणार आहे?"

"मग तुमीच बोला की. तुमच्या तोंडाला काय झालं?"

प्रतिक्षा खुदकन हसली. विश्वंभरनं तिच्याकडं डोळे वटारले.

चतुराबाईनं सूप खाली ठेवलं. "हिनं माझी ज्वारी राखली, तर हिला वीस हजार. अन् मी हिच्यावरून खोटं बोलले की चार लाख. म्हंजे किंमत बंदुकीची न्हाई, माझ्या जिभेची. ती विकायची न्हाई."

"मग थावराची खरी बंदूक कुठे आहे?"

"ह्याच घरात."

साहेब उठूनच उभे राहिले. "तिचे पाच देतो!"

"हुडका. पर सापडली तरी न्याची न्हाई. कामात हाय ती अजून."

साहेबांनी कणगीत वाकून पाहिलं. पेटी उघडायला लावली. चुलीमागचं सरपण उपसलं. माळ्यावर त्यांचा हात पुरेना.

"ते दे गं इकडे," म्हणत त्यांनी प्रतिक्षाच्या हातातला अडसर घेतला आणि माळा ढोसायला सुरुवात केली. गोवऱ्या पडल्या. फुटका डेरा पडला. मांजर साहेबांच्या खांद्यावर पाय देऊन पसार झालं. प्रतिक्षा तोंडावर हात दाबून हसत होती.

"हसायला काय झालं?"

"काही न्हाई. जपून धरा म्हणलं."

शेवटी साहेबांनी अडसर कोपऱ्यात टाकला, हात झटकले. "थापा आहेत सगळ्या!" गाडी धुरळा उडवत गेली.

विश्वंभर बंदूक घेऊन पुसलेल्या खुर्चीत स्वतःच बसला. "गेला टेम्पो," तो म्हणाला.

"हळदीवर घे. ताठ मानंनं चालवशील."

"आजे, थावराची बंदूक घरात हाय, हे मला कवा सांगितलं न्हाईस."

"तू कवा इचारलं? गावानं सांगितलं ते ऐकून बसलास. लेकरानं इचारलं, लेकराला सांगितलं."

बाहेर अंधारून आलं. चतुराबाईनं हाक दिली, "परतिक्षा, शेळी आत घे गं. अन् थावराची बंदूक ठेव जाग्यावर."

विश्वंभरनं सवयीनं भिंतीकडं पाहिलं. खुंटी रिकामी होती, बंदूक त्याच्याच मांडीवर होती. ती घ्यायला लेक येईल म्हणून त्यानं हात पुढं केला.

प्रतिक्षानं तिकडं पाहिलंही नाही. तिनं शेळी आत घेतली, दार लोटलं, कोपऱ्यात पडलेला अडसर उचलून फ्रॉकच्या टोकानं पुसला, आणि रोजच्यासारखा दाराला आडवा लावला.