गाठीची जागा

"गाठ विरलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आठ केमोंनी काम केलंय. सोनोग्राफीत आता काही दिसत नाही."

अमरसिंह खुर्चीतून अर्धा उठला. "मग ऑपरेशन कशाला करायचं?"

"दिसत नाही म्हणजे गेली, असं नसतं. म्हणून तर पहिल्या केमोच्या आधीच गाठीत क्लिप ठेवली होती. तांदळाच्या दाण्याहून बारीक. गाठ विरली तरी जागा सापडावी लागते. ती जागा काढायची. आजूबाजूचं थोडं चांगलं दिसणारंही घ्यायचं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं राहतं. पूर्ण स्तन काढायची गरज नाही."

अमरसिंहाला हायसं वाटलं. बायकोचा हात त्यानं हातात घेतला. संयोगितानं घेऊ दिला. तिनं फक्त त्याच्याकडं एकदा बघितलं, दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेताना बघायची तसं.

पहिल्या केमोच्या आदल्या गुरुवारी तो आईला, बाळाबाईंना, घेऊन नृसिंहवाडीला गेला होता. 'तुझ्यासाठी दत्ताला साकडं घालतो' म्हणाला. पांढऱ्या शर्टाचं तुटलेलं बटण संयोगितानंच लावून दिलं. येताना त्यानं पेढे आणले. तिनं दोन खाल्ले, एक उरला.

पंधरवड्यानं राजारामपुरीतल्या तिच्या दुकानात वाडीकडच्या धोंडुबाई आल्या. भाचीचं लग्न जमत आलंय, मावशीला ब्लाऊज पायजे. टेप अंगाभोवती असली की बायका बोलत्यात, तशा त्याही बोलत सुटल्या.

"पोरगा तुमच्या राजारामपुरीतलाच हाय की. अमरसिंह. गेल्या गुरुवारी न्हवं, त्याच्या आदल्या गुरुवारी आलता आईला घेऊन. पांढऱ्या शर्टात नुसता टकाटक! पहिली बायको हाय म्हणं, पर कॅन्सर. चार-सहा म्हैन्यांची धनी. दिवस झालं की वर्षाच्या आत उरकून घिऊ म्हणाल्यात. वळखतासा व्हय?"

"बघितलंय," संयोगिता म्हणाली. "हात वर करा, मावशी."

ब्लाऊज तिनं असा बसवून दिला, की धोंडुबाईंनी तिच्या डोक्यावरच्या स्कार्फवरून हात फिरवून अखंड सौभाग्याचा आशीर्वाद दिला. त्या गेल्यावर संयोगितानं उरलेला पेढा बॉबिनच्या डबीत ठेवला आणि डबी मशीनच्या खणात. रडायला वेळ नव्हता. आधी जगायचं होतं. मेलेल्या बाईला काही करता येत नाही.

दर तीन आठवड्यांनी सलाईन लागायची. शेजारच्या कॉटवरच्या बाया जप करायच्या. संयोगिता मनातल्या मनात पिशव्या भरायची.

पंचाईत पुढंच झाली. गाठ कमी होत गेली तसा नवरा सुधारत गेला. वाडीकडं निरोप धाडून त्यानं सोयरीक मोडली. ओकारीचं भांडं नाक न मुरडता उचलायला लागला. बाळाबाई अळणी रस्सा करून वाटी तोंडापुढं धरायच्या, "घे बाई दोन घोट" म्हणायच्या. सगळं खरं होतं, नाटक नव्हतं. सातव्या केमोला संयोगितानं आपला राग चाचपून बघितला. सापडेना.

ऑपरेशन झालं. काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. कडा स्वच्छ, कुठं काही शिल्लक नाही.

पुढच्या गुरुवारी अमरसिंह आईसह वाडीला जाऊन आला. ऑपरेशननंतर वर घरात आणून घेतलेल्या मशीनवर संयोगिता बसली होती. खाली दुकान, वर फ्लॅट, दोन्ही तिच्या वडिलांनी, आकाराम आबांनी, लेकीच्या नावावर केलेलं. बाळाबाई अजून खाली जिन्यातच धापा टाकत होत्या.

"नवस फेडून आलो बघ," त्यानं पेढ्यांचा पुडा पुढं केला. "आता सगळं पयल्यासारखं."

तिनं खण उघडला. डबीतून एक काळपट, दगडासारखा पेढा काढून त्याच्या तळव्यावर ठेवला.

"ह्ये काय?"

"धोंडुबाईंच्या भाचीला बघून आलासा, त्या गुरुवारचा प्रसाद."

अमरसिंहानं पेढ्यावर मूठ मिटली. मग डोळे पुसत म्हणाला, "चुकलं गं माझं. पर आता तसलं कायबी न्हाय मनात. आईची आन."

"ठाव हाय. माझ्याबी मनात न्हाय. राग कवाच विरला."

"मग?"

"विरला तरी जागा काढावी लागती. तुमच्यासमोरच सांगितलं की डॉक्टरबाईंनी."

त्यानं दाराकडं बघितलं. दाराशी दोन पिशव्या भरून ठेवल्या होत्या. एकीत वर त्याचाच पांढरा शर्ट होता, घडी घातलेला. तिनं लावलेलं बटण तेवढं त्यावर नव्हतं.

"आणि ही दुसरी कुणाची?"

"तुमच्या आईची," संयोगिता सुईत दोरा ओवत म्हणाली. "आजूबाजूचं थोडं घ्यावंच लागतंय. बाकीचं राहतंय."