मधली रेघ

"हे मधोमध हाये?" प्रफुल्ल ओरडला. "रेघ माह्या घरात घुसली, अन् तुमी म्हणता मधोमध?"

कवडूच्या हातात फक्कीचं घमेलं तसंच होतं. फाटकापासून मागच्या बोळीपर्यंत त्यानं अंगणात पांढरी रेघ ओढली होती. फाटकातून पाहिलं की डावीकडं प्रफुल्लचं घर, उजवीकडं धाकट्या ऋतिकचं. रेघेवर उद्या भिंत उभी राहणार होती. विटा येऊन पडल्या होत्या.

नाचणगावात कवडू गवंड्याची नजर म्हणजे टेप. पाळण्याची कडी ठोकायची असो की दाराची चौकट बसवायची, मध्य काढायला लोक त्यालाच बोलवत. दोरी न लावता तो बोट ठेवायचा आणि कुणी मागून मोजलंच तर सूतभरही फरक निघत नसे. म्हणून वाटणीतही तेच ठरलं. टेप नको, बाबा ओढतील ती रेघ. हे प्रफुल्लनंच ठरवलं होतं.

आता त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. डाव्या बाजूला त्याला वेल्डिंगची शेड टाकायची होती. एवढ्याशा पट्टीत शेड? ट्रॉली आत आली तर माणूस कुठं उभा राहील?

"ऋतिकनं कान भरले का तुमचे?"

"नाई रे लेका."

"मंग हा बोलत काऊन नाई? पाह्य कसा मान घालून उभा हाये! पोटात पाप असल्याबिगर माणूस असा मुका होत नाई."

ऋतिक पायानं विटेचा तुकडा सरकवत राहिला. ते प्रफुल्लच्या डोक्यात गेलं.

आणि मग त्याला डॉक्टर आठवले.

दोन महिन्यांपूर्वी आर्वीहून येताना बापलेकांची मोटरसायकल घसरली होती. कवडूच्या डोक्याला सात टाके पडले. प्रफुल्लला शुद्ध आली तेव्हा त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. वॉर्डात दोघांच्या खाटा शेजारी शेजारी. डॉक्टरांनी घरच्यांना जवळ बोलावून सांगितलं होतं: डोळे शाबूत असतात, पण मेंदूला मार बसला की जागेचा अंदाज बिघडतो. डावी बाजू त्या माणसाच्या लेखी उरतच नाही. आणि आपलं काही बिघडलंय, हे त्याला पटत नाही.

"अस्सं!" प्रफुल्लनं ऋतिककडं बोट रोखलं. "बाबाले डावी बाजू कळत नाई, हे तुले ठाऊक होतं. म्हणून तू गुमान हो म्हणलं. बिमार बापाच्या हातून भावाची जागा लाटतं? लाज नाई वाटत?"

"प्रफुल्ल!" धुरपता उंबऱ्यातून ओरडली. "तोंड आवर."

"माय, तू मधात नको पडू. सकाळी बाबानं अर्धी भाकर ताटात तशीच सोडली. पाह्यली नाई तू?"

"भूक नोयती त्याइले," धुरपता म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

कवडूनं घमेलं खाली ठेवलं. मग टाचेनं घासत घासत त्यानं आपलीच रेघ पुसून टाकली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"घे. तुले जिथं मधोमध वाटते, तिथं तूच ओढ."

प्रफुल्लनं घमेलं हिसकावलं. फाटकाशी जाताना त्याचा डावा खांदा खांबावर आदळला. त्यानं खांबालाही शिवी दिली. मग त्यानं नीट अदमास घेतला, वाकून रेघ ओढली आणि मागं सरकून दोनदा पाहिलं. जेवढी जागा इकडं, तेवढी तिकडं.

"याले म्हणते मधोमध!"

हात धुवायला तो तणतणत घराच्या मागं गेला.

ऋतिकनं खिशातून टेप काढला. डाव्या भिंतीपासून रेघेपर्यंत वीस फूट. उजवीकडं बारा.

"ऐकू जाते का त्याले?" कवडूनं विचारलं.

"नाई." ऋतिकनं टेप गुंडाळला. "बांधून टाकू इथंच, बाबा. भिंत मंग पाडता येते. दादाच्या मेंदूचा फोटो निघू द्या पयले."