अर्धा शीण

इस्पितळातली पाळी संपली तेव्हा यमुनाचे स्वतःचेच पाय भरून आले होते. तरी तिने मनगटावरचा पट्टा रेवतीच्या पट्ट्याला टेकवला. "आण, तुझा अर्धा शीण इकडे दे."

"यमुनाताई, हे का तुमचं काम आहे? मुकादमाने पाहिलं तर?"

"पाहू दे."

इस्पितळाच्या धुलाईघरात ओल्या चादरी उपसणाऱ्या रेवतीचा नवरा नुकताच गेला होता. तिने डोळ्यांतून पाण्याचा थेंबही काढला नव्हता, म्हणून बाया तिला दगड म्हणत.

पट्टे गरम झाले. रेवतीचा शीण अंगात उतरला तशी यमुना मटकन खाली बसली. रेवती मात्र हमसून हमसून रडू लागली.

"इतके दिवस रडायलासुद्धा त्राण नव्हतं हो, ताई."

तिचे डोळे पुसायला यमुनाचा हात उचलेना.